चिरेखाणीतली ही पिल्लं कोणाची? आणि टाकीतली कुठे न्यायची?

रानजाई
३ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यात राहते, आशा सेविका आहे. आमचं घर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेला आहे आणि मागच्या अंगाला शे-दीडशे पावलांवर एक जुनी चिरेखाण आहे. चिरा काढणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. पावसात ती भरते आणि होळीपर्यंत तळाशी थोडंफार पाणी राहतं.

माझा मुलगा चौथीत आहे. शाळेत बाईंनी बेडकाचं जीवनचक्र शिकवलं. भैकेर हा शब्द तिथूनच आमच्या घरात आला, नाहीतर आम्ही नुसतं बेडूकमासे म्हणतो. दुसऱ्याच दिवशी तो वडिलांबरोबर खाणीवर जाऊन बादलीभर पिल्लं घेऊन आला. पाणी कमी वाटलं म्हणून मी वरून नळाचं अर्धी बादली ओतलं. पावसाळ्यात आमच्या नळाला टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेलं, पाणी येतं. विहिरीत पावडर किती टाकायची, किती वेळानं पाणी प्यायचं, हे मी घरोघरी सांगते, पण तेच पाणी या बादलीत जातंय हे त्या क्षणी मनात आलं नाही. सकाळी पस्तीसच्या पस्तीस तळाशी आडवी पडली होती. मुलानं एकेक चमच्यानं काढून पेरूच्या मुळाशी पुरली. त्या दिवशी तो शाळेत गेला नाही.

त्याचं मन राखायचं म्हणून पुन्हा आणली आहेत. या वेळी पाणी खाणीचंच आहे आणि बादलीऐवजी पसरट घमेलं घेतलंय. आता त्यात मला तीन तऱ्हा दिसतात. काही काळीकुळकुळीत, तुरीच्या दाण्याएवढी, सगळी एकमेकांना चिकटून एका कोपऱ्यात असतात. काही अगदी काचेसारखी, आतलं सगळं दिसतं. ती तळाशी बसत नाहीत, मधल्या पाण्यात अधांतरी असतात आणि शेपटीचं टोक तेवढं थरथरतं. आणि एकच मोठं, मातकट रंगाचं, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं.

घोळ असा आहे की पिल्लं कमी होताहेत. काचेसारखी सोमवारी २३ होती, मंगळवारी १९, आज १४. मेलेलं एकही सापडत नाही. घमेल्यावर जुनी मच्छरदाणी बांधली आहे, त्यामुळे पक्ष्यानं नेली म्हणावं तर तसंही नाही. काय होतंय?

दुसरा प्रश्न माझ्या कामातला आहे. गोठ्यामागे सिमेंटची टाकी आहे, गुरांच्या पाण्याची. आठ-दहा दिवसांपूर्वी तिच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर वीतभर, पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला. ताकाला फेस यावा तसा. सासूबाई म्हणाल्या बेडकाचं आहे, हात लावू नको. दोन-तीन दिवसांत गोळा वाळून पिवळा झाला आणि पाण्यात पिल्लं दिसू लागली. साठ-सत्तर तरी असतील. आता अडचण अशी की आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासायची, कोरडा दिवस पाळायचा, हे मी गावाला सांगते. कंटेनर सर्व्हेला लोकांच्या पिंपात बॅटरी मारून बघते. माझीच टाकी मी कशी भरलेली ठेवू? टाकी मोठी आहे, उपसायची नसेल तर डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा असं आम्हाला सांगितलेलं आहे, आणि गप्पी माझ्याकडे आहेतही. पण गप्पी ही पिल्लं खातील का?

जाणकारांनी सांगावं. मुलगा रोज दप्तर टाकल्या टाकल्या विचारतो.


काजूबी
३ जुलै, रात्री १०.१५

ताई, नळाचं पाणी लागलंच तर दोन दिवस पसरट भांड्यात उघडं ठेवून मग वापरा. पण पावसाळ्यात त्याची गरज काय? खाणीचंच पाणी आणा, नाहीतर झाडाखाली न धरलेलं, मोकळ्यावरचं पावसाचं पाणी. पागोळ्यांचं नको, कौलावरची धूळ, शेवाळमारं औषध सगळं त्यात उतरतं.

आणि दोन-चार ठेवून बाकीची परत सोडा. कमी असतील तर जगतील.


पागोळी
४ जुलै, सकाळी ६.५०

रानजाई, तुमचं वर्णन वाचून फार बरं वाटलं. 'शेपटीचं टोक तेवढं थरथरतं' हे फार थोड्या लोकांना दिसतं. मी कोल्हापूरला बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि पावसाळ्यातले बहुतेक रविवार आंबोलीला डबक्यांवर वाकून काढले. मुलं वरून बघायची आणि 'सर, सगळी सारखीच' म्हणायची. वरून सारखीच दिसतात. कडेनं बघावी लागतात.

लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या, साबण न लावता धुवा, खाणीचं पाणी भरा आणि एकच पिल्लू त्यात सोडून खिडकीच्या उजेडाकडे धरा. आता तीन जागा बघायच्या. डोळे डोक्याच्या वर आहेत की दोन्ही कडांना? तोंड खाली वळलेलं आहे की समोर? आणि श्वासछिद्र कुठे आहे? पिल्लू तोंडानं पाणी घेतं, ते आतल्या कल्ल्यांवरून जातं आणि एका बारीक छिद्रातून बाहेर पडतं. बहुतेक जातींत हे छिद्र शरीराच्या डाव्या अंगाला असतं, एकच.

तुमची काळी पिल्लं भेकाची आहेत. अंगावर चामखिळी असतात, अंगणातल्या दिव्याखाली किडे खायला येतो, तोच भेक. त्याची अंडी पाहिली असती तर आणखी खात्री झाली असती. सुटी नसतात, लांबच लांब पारदर्शक दोरीत काळे मणी ओवल्यासारखी असतात आणि गवताला गुंडाळलेली असतात. पिल्लं झुंडीनं राहतात. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात या पिल्लांवर बरंच काम झालेलं आहे. ही पिल्लं आपल्या सख्ख्या भावंडांना ओळखतात आणि परक्यांपेक्षा त्यांच्याजवळ राहणं पसंत करतात, हे तिथे प्रयोगांतून दाखवलं गेलं. ओळखतात ती पाण्यातल्या वासावरून. तेव्हा मुलाला सांगा, तो कोपऱ्यातला काळा घोळका म्हणजे बहुधा एकाच घरची मंडळी आहेत.

काचेसारखी आहेत ती मायक्रोहायलाची, इवल्याशा तोंडाच्या बेडकाची. मोठा झाला तरी अंगठ्याच्या नखापेक्षा थोडाच मोठा, पाठीवर गडद नक्षी, आणि रात्री गवतातून कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा आवाज काढतो. या पिल्लाला इतरांसारखी काळी चोच नसते. ते काही कुरतडत नाही, पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातं. म्हणून ते मधल्या पाण्यात अधांतरी राहतं. बरणीत बघा, डोळे अगदी दोन्ही कडांना दिसतील आणि श्वासछिद्र डावीकडे नसून पोटाखाली मध्यावर असेल. याचा व्यवहारातला अर्थ असा की स्वच्छ पाण्यात ही पिल्लं उपाशी मरतात. पालक घातला तरी त्यांना खाता येत नाही. ती आजच खाणीत सोडा.

आणि ते एकटं मोठं. त्याला आत्ता, हे वाचून झालं की लगेच वेगळ्या भांड्यात काढा. तुमची कमी झालेली नऊ पिल्लं त्याच्या पोटात आहेत. बैलबेडकाचं पिल्लू आहे ते, पहिल्या मोठ्या पावसात पिवळेजर्द होऊन डराव डराव करतात त्यांचं. बाकीची शेवाळ खरवडतात, हे मांस खातं आणि आपल्याच जातीची लहान पिल्लंही सोडत नाही. बरणीत तोंड बघा, जबड्याची काळी चोच नुसत्या डोळ्यांना दिसेल.

त्याला मारू मात्र नका आणि मुलाला त्याचा राग येऊ देऊ नका. पहिल्या पावसाचं डबकं केव्हाही आटू शकतं. त्याआधी पाय फुटून बाहेर पडायचं असेल तर झपाट्यानं वाढावं लागतं, आणि शेवाळापेक्षा मांसावर वाढ लवकर होते. पुन्हा, या बेडकाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. एके काळी आपल्याकडून बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या, ते १९८७ साली बंद झालं. तरी तळकोकणात आणि गोव्यात पहिल्या पावसात गॅसबत्त्या घेऊन पकडणारे अजून निघतात. तुमच्या खाणीत तो अंडी घालतोय ही आनंदाची गोष्ट आहे. जिथून आणलं तिथेच सोडा.

टाकीतली पिल्लं झाडबेडकाची. फेसाचं घरटं, पाण्याच्या वर, सिमेंटच्या भिंतीवर, म्हणजे दुसरं कोणी नाही. मादी पाठीमागच्या पायांनी अंड्यांबरोबरचा चिकट द्रव घुसळते, अगदी ताक घुसळल्यासारखाच, तुम्ही उपमा बरोबर दिलीत. बाहेरचा फेस वाळून कवच होतं, आत ओल टिकते आणि पिल्लं बाहेर आली की खाली पाण्यात टपकतात. ओळखायची खूण सांगतो. नाकाडाच्या अगदी टोकावर एक पांढरा चकचकीत ठिपका असतो. वरून बॅटरी मारलीत की ठिपके हलताना दिसतील. बॅटरी मारून पाण्यात बघायची सवय तुम्हाला आहेच.

आता गप्पी. हो, खातील. लहान पिल्लं गिळतील आणि मोठ्यांच्या शेपट्या कुरतडतील. गंबुसिया हे डासांसाठीच सोडतात ते दुसरे मासे तर त्याहून वाईट. गप्पी ज्या टाकीत आहेत तिथे राहू द्या, पण खाणीत, ओढ्यात, सड्यावरच्या डबक्यात कधीही सोडू नका. एकदा सुटले की परत काढता येत नाहीत.

टाकीचं काय करायचं ते संध्याकाळी लिहितो, आत्ता लाइट जायची चिन्हं आहेत.


चार्ल्सकाठ
४ जुलै, दुपारी १२.२०

मी मूळची चिपळूणची, आता बोस्टनजवळ राहते. इथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून जंगलात तात्पुरती डबकी होतात. माझ्या मुलीनं गेल्या वर्षी त्यातून एक 'बेडूकमासा' आणला आणि मी पंधरा दिवस त्याला पालक घालत बसले. ते सॅलॅमँडरचं पिल्लू निघालं, पालकाला तोंडही लावत नव्हतं. त्यांना जिवंत, हलणारं खाद्य लागतं. फरक नंतर कळला. सॅलॅमँडरच्या पिल्लाला मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले बाहेर दिसतात आणि पुढचे पाय आधी फुटतात. बेडकाच्या पिल्लाला मागचे आधी.

कोकणात असं काही निघू शकतं का, सर?


पागोळी
४ जुलै, संध्याकाळी ७.३०

चार्ल्सकाठ, सॅलॅमँडर आपल्या महाराष्ट्रात नाहीत. भारतात ते दार्जिलिंगकडच्या डोंगरांत आणि ईशान्येकडे आहेत. पण कोकणात देवगांडूळ आहे. तोही उभयचरच, बिनपायाचा. त्यातल्या काही जातींची मादी ओढ्याकाठच्या ओल्या मातीत अंडी घालून त्यांना वेटोळं घालून बसते आणि पिल्लं नंतर पाण्यात जातात. लांबट, ईलमाशासारखी दिसतात. रानजाईंना कधी ओढ्यातल्या दगडाखाली तसं काही दिसलं तर फोटो काढून दगड पुन्हा तसाच ठेवावा. गांडूळ समजून गळाला लावतात आणि साप समजून ठेचतात, दोन्ही मी पाहिलं आहे.

सगळ्याच बेडकांची पिल्लं पाण्यात नसतात, हेही सांगतो. आंबोलीला संध्याकाळी झुडपातून टिक-टिक-टिक करतात ते झुडूपबेडूक, त्यांना भैकेराची अवस्थाच नाही. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. आणि आंबोलीच्या सड्यावरचा तो पिवळ्या पट्ट्यांचा भेक, २००९ साली ज्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्याची पिल्लं कातळावरच्या बोटभर खोल पाण्यात वाढतात. बूट पडला तर एक पिढी जाते. तिथे जाणाऱ्यांनी डबक्यात पाय घालू नये, एवढं कळकळीचं सांगणं आहे.

आता टाकी. रानजाई, टाकी रिकामी करा, कोरडा दिवस पाळा. तुम्ही गावाला सांगता ते योग्यच आहे. एडिसच्या, म्हणजे डेंग्यूच्या डासाच्या, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला घासायचं. झाडबेडकाच्या पिल्लाला दीड-दोन महिने लागतात. दोन्ही एका भांड्यात बसत नाही. म्हणून पिल्लं हलवायची. पसरट टब घ्या, टाकीतलंच पाणी घाला आणि चहाच्या गाळणीनं नव्हे, मोठ्या वाडग्यानं पाण्यासकट पिल्लं काढा. गाळणीत पिल्लाचं पोट दबतं. टबावर मच्छरदाणी ताणून कडेला दोरीनं पक्की बांधा. डास आत जाऊन अंडी घालू शकणार नाही आणि तुमचा नियमही मोडणार नाही. आधीच असलेल्या अळ्या वाडग्यात आल्या तर दिसतील. त्या पृष्ठभागावर डोकं खाली करून लटकतात आणि सावली पडली की वळवळत तळाशी जातात. ते मी तुम्हाला काय सांगायचं.

बेडकाची पिल्लं डासांच्या अळ्या खातात म्हणून टाकीत राहू द्या, असं कोणी सांगेल. काही थोड्याफार खातात. डेंग्यू थोपवायला त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

बाकी सांभाळायचं असं आहे. एका पिल्लाला लिटरभर पाणी धरा, म्हणजे टबात पंधरा-वीसच ठेवा आणि उरलेली खाणीत नाही, तर घराजवळच्या दुसऱ्या सावलीतल्या, मासे नसलेल्या साठ्यात सोडा. ती मूळची खाणीची नाहीत, पण परिसर एकच आहे, तेव्हा शेजारचं शेततळं असेल तर उत्तम. ऊन थेट येऊ देऊ नका. खायला पालकाचं पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार करून, नखाएवढे तुकडे. संध्याकाळी उरलेलं काढून टाका. बिस्कीट, पाव, भात अजिबात नको, पाणी नासतं आणि नासलेल्या पाण्यात पिल्लं श्वासाला वर वर येऊ लागतात. खाणीतला शेवाळ आलेला दगड ठेवलात तर पालकही क्वचितच लागेल. दोन दिवसांनी चौथाई पाणी बदला, सगळं एकदम कधीच नाही. डासांचं मलम लावलेला हात पाण्यात घालू नका.

आणि मागचे पाय पूर्ण फुटले की टब तिरका करा. हे विसरू नका. का ते तेव्हा लिहीन.


शेतकीवाला
५ जुलै, सकाळी ८.०५

वाचतोय. आमच्या शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद आहे. दर पावसाळ्यात शेकडो छोटे बेडूक कडेला मरून पडतात, कारण कागद घसरडा आहे, चढता येत नाही. दोन वर्षांपूर्वी सुंभाची जुनी दोरी गाठी मारून चार कोपऱ्यांत सोडली. तेव्हापासून ते दोरीवरून बाहेर येतात. चिरेखाणीच्या भिंती सरळ कापलेल्या असतात, तिथेही हाच प्रश्न असणार. एखादं झाडाचं खोड तिरकं टाकून बघा.

आणि ताई, खाणीवर मुलाला एकट्याला पाठवू नका. पाणी भरल्यावर तळ कळत नाही.


रानजाई
९ जुलै, रात्री ९.१०

सर्वांचे मनापासून आभार. मुलगा एकटा जात नाही, हे आधीच सांगते.

काचेची पिल्लं त्याच सकाळी सोडली. मोठ्या पिल्लाला बरणीत घेऊन बघितलं. सर, चोच दिसली. काळी, कात्रीच्या टोकासारखी. मुलगा आधी म्हणाला, याला कावळ्याला देऊ या. मी त्याला तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवलं, डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं असतं ते. तो बराच वेळ बरणी धरून बसला आणि मग स्वतःच खाणीवर घेऊन गेला. तिथे ते पाण्यात गेल्याबरोबर एकदाही न थांबता खोल गेलं.

टाकी रविवारी घासली. वाडग्यानं काढलेली पिल्लं ६८ भरली. वीस टबात आहेत, बाकीची दिरांच्या शेततळ्यात सोडली, तिथे मासे नाहीत. नाकावरचा ठिपका रात्री बॅटरीत दिसतो. एखाद्या बाईची चमकी चमकावी तसा. सासूबाई आता रोज रात्री माझ्याकडून बॅटरी मागून घेतात.

वाडीतल्या दोघींनी विचारलं की आशाताईच्या घरी टबात पाणी कसं चालतं. त्यांना मच्छरदाणी दाखवली. मी शेजारच्या पिंपातल्या डासाच्या अळ्या एका बरणीत आणि ही पिल्लं दुसऱ्या बरणीत घेऊन गेले होते, दोन्ही हातात दिल्या. त्यांनी आत्तापर्यंत दोन्ही एकच समजून ओतून दिलं होतं. पुढच्या सर्व्हेला या दोन बरण्या पिशवीत घेऊन जाणार आहे.


रानजाई
१७ जुलै, रात्री १०.३०

आज पुढचा पाय येताना बघितला, भेकाच्या पिल्लाचा. चार दिवसांपासून काळ्या पिल्लांच्या मागच्या पायांची ढोपरं दिसत होती. आज दुपारी एकाच्या डाव्या खांद्यापाशी कातडीखाली काहीतरी टोकदार वर येत होतं. सदऱ्याच्या आतून कोणी कोपर लावावं तसं. आम्ही भिंग घेऊन बसलो. बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम हात बाहेर, बोटांसकट, पूर्ण तयार. उजवा बाहेर यायला रात्र झाली. मधल्या वेळात ते एकाच हातानं पोहत होतं आणि गोल गोल फिरत होतं.

सर, तुम्ही टब तिरका करायला सांगितलं होतं ते झाडबेडकांच्या टबाचं केलं. भेकांच्या घमेल्याचं राहिलं. त्यांचे पाय इतक्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी एक शेपटीचं पिल्लू, चारही पाय आलेलं, पाण्यावर निपचित मिळालं. बुडून गेलं का?


पागोळी
१७ जुलै, रात्री ११.१०

हो, बुडून. आत्ताच्या आत्ता घमेल्याखाली एका बाजूला वीट सरकवा आणि कोरड्या बाजूला नारळाचं सोडण किंवा चिऱ्याचा खडबडीत तुकडा अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असा ठेवा.

पुढचे पाय आले की कल्ले आत विरायला लागतात आणि फुप्फुसं काम घेतात. पोहणं जमतं, पण वर येऊन टेकायला जागा नसली तर दमून बुडतं. बऱ्याच घरांतली पिल्लं नेमकी इथे जातात, पाय आले म्हणून सगळे आनंदात असताना. हे मी चार तारखेलाच नीट लिहायला हवं होतं, 'तेव्हा लिहीन' म्हणून ठेवायला नको होतं.

डावा हात आधी आला तो त्याच बाजूला श्वासछिद्र असतं म्हणून. हाताला तिथून वाट आयती मिळते. उजव्याला कातडी फोडून यावं लागतं. तुम्ही जे पाहिलंत ते माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी फक्त फळ्यावर पाहिलं.

आता तीन-चार दिवस खायला काही घालू नका. शेपटी गळून पडत नाही, अंगात जिरते, आणि तेच त्याचं त्या दिवसांतलं अन्न. तोंड रुंद होतंय, जीभ तयार होतेय, आत शेवाळ पचवणारं लांबलचक गुंडाळी आतडं आखूड होतंय. खाण्यासारखी अवस्थाच नसते. शेपटीचा खुंट उरला की रात्री पाऊस असताना खाणीच्या काठावर, पालापाचोळ्यात सोडा. उन्हात नको, इतकं लहान जनावर तासाभरात सुकतं.


रानजाई
२१ जुलै, रात्री ९.५५

वीट सरकवली, चिऱ्याचा तुकडा ठेवला. त्यानंतर एकही गेलं नाही. काल आणि आज मिळून २७ भेक सोडले. एकेक तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, पण चालतो अगदी मोठ्या भेकासारखा, थांबून, विचार केल्यासारखा. खाणीत ह्यांनी भेंडीच्या झाडाची फांदी तिरकी टाकली आहे, शेतकीवाल्या दादांनी सांगितली तशी. पहिल्याच रात्री तिच्यावर चार छोटे बेडूक होते.

मुलानं पेरूच्या मुळाशी जाऊन पहिल्या पस्तिसांना सांगितलं की सत्तावीस गेले.


चार्ल्सकाठ
२२ जुलै, पहाटे ४.४०

हे वाचून मुलीला मराठीतून सांगितलं. ती विचारते आहे की टबातल्या वीस झाडबेडकांचं काय झालं?


रानजाई
६ ऑगस्ट, रात्री ९.२०

झाडबेडकांची अठरा आहेत. दोन कशी गेली कळलं नाही. मागचे पाय आले आहेत, बोटांच्या टोकांना बारीक गोल गाद्या दिसायला लागल्या आहेत. टब तिरका आहे आणि आत आंब्याची एक फांदी उभी केली आहे, कारण हे बाहेर आले की चढणार.

आणखी एक. घासून भरलेल्या टाकीच्या आत काल सकाळी पुन्हा फेसाचा गोळा आहे, आधीच्या जागेपासून हातभर अंतरावर. या वेळी पिल्लं पाण्यात पडायची वाट न बघता टाकीतलं पाणी काढून घेतलं आणि गोळ्याच्या बरोबर खाली मच्छरदाणीचा दुसरा टब ठेवला आहे, जाळी फक्त गोळ्याच्या जागी उघडी करून भिंतीला चिकटपट्टीनं लावली आहे. गुरांना पाणी सध्या बादलीनं. सर्व्हेला घराच्या भिंतीवर खडूनं तारीख लिहितो तशी टाकीवर लिहिली आहे, ५/८, आणि खाली मुलानं बेडूक काढला आहे.